कोकम सरबताचा रंग काही महिन्यांत तपकिरी का होतो? आणि नारळाच्या वड्यांना झाडापानांचा रंग कसा द्यावा?

प्रश्न : वेंगुर्लेवाली

नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते आणि गेली सहा वर्षे घरच्या रातांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) आगळ, म्हणजे दाट आंबट रस, आमसुले आणि सरबत करून विकते. गणपतीच्या दिवसांत नारळाच्या वड्या आणि नानकटाईही करते. सुरुवातीपासून एक नियम पाळला आहे, की बाजारातल्या रंगाची पुडी घरात आणायची नाही. यंदा मात्र हा नियम पाळणे कठीण झाले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मे महिन्यात केलेले सरबत बाटलीत भरताना इतके सुंदर दिसते, की बाटली उजेडात धरली तर माणकासारखा लाल रंग दिसतो. तेच सरबत ऑगस्टपर्यंत विटकरी होते आणि नंतर चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे दिसू लागते. चवीत फारसा फरक पडत नाही आणि बुरशीही येत नाही, पण गिऱ्हाईक रंग पाहूनच बाटली उचलते. गेल्या पावसाळ्यात महामार्गावरच्या एका दुकानदाराने माझ्या चाळीस बाटल्या परत केल्या आणि वर सांगितले, की चिमूटभर लाल रंग घाला, सगळेच घालतात. त्या बाटल्या रिक्षातून उतरवून घेताना मला फार वाईट वाटले, कारण त्यातला प्रत्येक रातांबा मी हाताने फोडला होता.

माझी पद्धत अशी आहे. साखरेचा पाक करून त्यात आगळ घालते आणि टिकावे म्हणून वीस-पंचवीस मिनिटे उकळते. मोठे पातेले ॲल्युमिनियमचे आहे. गार झाल्यावर लिंबाचा रस घालते आणि साध्या पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत गळ्याखाली चार बोटे जागा ठेवून भरते. दुकानदार त्या बाटल्या दर्शनी फळीवर मांडतात.

दुसरी अडचण वड्यांची. बिटाचा रस घालून गुलाबी वडी करायला गेले, तर ती थापेपर्यंत मातकट झाली. पालकाची हिरवी वडी दुसऱ्या दिवशी शेवाळी दिसू लागली. नानकटाईत हळद घातली, तर पिवळ्या रंगावर तांबूस ठिपके उमटले. माझे काय चुकते आहे, की झाडापानांचे रंग मुळातच असे कच्चे असतात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : गुहागरची आजी

ताई, नानकटाईचे उत्तर मी देते, बाकीचे शिकलेली माणसे देतील. तुम्ही नानकटाईत खायचा सोडा घालत असणार, आणि तो पिठात नीट मिसळला गेला नसणार. जिथे सोड्याचा कण राहिला तिथे हळद तांबडी झाली. हळदीला सोडा-चुन्यासारखा खार लागला की ती लाल होते, आणि पूर्वी हळदीचे कुंकू करायचे ते याच गुणावर. सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्या, प्रमाण कमी करा आणि हळद कोरडी न टाकता तुपात कालवून घाला. ठिपके पडणार नाहीत.

आमच्या अंगणात शेंदरीचे झाड आहे. त्याच्या काटेरी बोंडातले लाल बी कोमट तेलात किंवा तुपात थोडा वेळ ठेवले, की छान केशरी रंग उतरतो. बी काढून टाकायचे आणि तेच तूप नानकटाईला वापरायचे. त्याला सोड्याने ठिपके पडत नाहीत.

उत्तर : अन्नतंत्र शिकवणारी, रत्नागिरी

वेंगुर्लेवाली ताई, तुम्ही आपली कृती इतकी नेमकी लिहिली आहे, की दोष शोधणे सोपे झाले. झाडापानांचे रंग कच्चे असतात हे अर्धेच खरे आहे. प्रत्येक रंगद्रव्याचे काही शत्रू ठरलेले असतात आणि ते एका रंगाचे एक, तर दुसऱ्याचे वेगळे असतात. आपण सगळ्यांना ‘नैसर्गिक रंग’ हे एकच नाव देतो आणि एकाच पद्धतीने वापरतो, म्हणून फसगत होते.

रातांब्याचा लाल रंग अँथोसायनिन या गटातला आहे. जांभूळ, करवंद, जास्वंद, गोकर्ण या सगळ्यांत याच गटातली द्रव्ये असतात. हा रंग आंबटपणाशी बांधलेला असतो. भरपूर आंबट द्रावणात तो लखलखीत लाल असतो, आंबटपणा कमी होत गेला की आधी फिकटतो, मग जांभळट होतो आणि खार लागला तर निळा-हिरवा होऊन शेवटी पिवळा पडतो. आगळाचे भांडे साबणाने किंवा राखेने घासताना कडेला निळसर-हिरवट पाणी उतरते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सोलकढीचा गुलाबी रंगही यातूनच येतो. नारळाच्या दुधाने आगळाचा आंबटपणा मंदावतो आणि दुधाच्या पांढऱ्यात लाल रंग विरतो, म्हणून ती आगळासारखी गडद न दिसता फिकट गुलाबी दिसते.

तेव्हा तुमच्या सरबतात आंबटपणाची उणीव नाही. आगळ मुळातच इतके आंबट असते, की रंगाला त्याहून चांगले घर मिळणार नाही. नुकसान होते आहे ते उष्णता, उजेड, हवा आणि धातू यांच्यामुळे, आणि तुमच्या कृतीत या चारही गोष्टी आल्या आहेत. वीस-पंचवीस मिनिटांच्या उकळीत बराच रंग तिथेच मरतो. शिवाय आंबट द्रावणात साखर फार वेळ उकळली की तिच्यापासून जी द्रव्ये तयार होतात, ती उरलेल्या रंगाला पुढे बाटलीतही तपकिरी करत राहतात. म्हणजे बाटली भरताना सरबत लाल दिसले, तरी बिघाडाची सुरुवात शेगडीवरच झालेली असते.

उकळण्याची गरजही तुम्हाला वाटते तेवढी नाही. सिरपमध्ये साखरेसह एकूण विरघळलेला अंश 65 टक्क्यांच्या आसपास ठेवला, तर दाट साखर आणि तीव्र आंबटपणा मिळून बहुतेक जंतूंना वाढू देत नाहीत. हा अंश मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे हातात धरायचे उपकरण मिळते. विक्रीचा माल करणाऱ्याने ते घ्यावेच, अंदाजावर राहू नये. पाक वेगळा करावा, तो हाताला सोसवेल इतका कोमट होऊ द्यावा आणि मगच आगळ मिसळावे. आगळ स्वतः शेगडीवर चढता कामा नये.

लिंबाविषयी सांगितले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. कोकमात लिंबू पिळून रंगाला मदत होत नाही, उलट लिंबातले क जीवनसत्त्व हवेशी संयोग पावताना अँथोसायनिनचा ऱ्हास वाढवते. बिटाच्या बाबतीत मात्र नेमके उलटे आहे. बिटाचा रंग बीटालेन या अगदी निराळ्या गटातला असतो आणि त्याला क जीवनसत्त्वाने संरक्षण मिळते. लाल माठ आणि मायाळूची जांभळी फळे यांचा रंगही बीटालेनच. निसर्गात हे दोन गट एका झाडात एकत्र आढळत नाहीत. त्यामुळे एका गटाचा अनुभव दुसऱ्याला लावला, की हमखास चुकते.

बीटालेनचा मोठा शत्रू उष्णता. नारळाच्या वडीचे मिश्रण कडेने सुटेपर्यंत आपण ते चांगले तापवतो, आणि त्यात सुरुवातीलाच बिटाचा रस घातला तर मातकटपणाखेरीज काही उरत नाही. बीट किसून सावलीत खडखडीत वाळवावे आणि दळून वस्त्रगाळ करावे. मिश्रण खाली उतरवून घोटताना, वाफ बरीच ओसरल्यावर, ही पूड थोड्याशा साजूक तुपात कालवून घालावी. रस घातला तर वडी सैल पडते आणि मग ती पुन्हा आटवण्याचा मोह होतो, म्हणून पूडच बरी.

हिरव्या वडीचे दुखणे वेगळे आहे. पालकाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णतेने आणि पानातल्याच आम्लाने तो अणू निसटला, की हिरव्याचा शेवाळी रंग होतो. पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, पिळून बारीक वाटावीत आणि शेवटी घालावीत. एवढे करूनही ही वडी दोन दिवसांत खपवावी. तिचा रंग आठवडाभर टिकेल असे मी तुम्हाला सांगणार नाही.

पिवळ्यासाठी मात्र कोकणात बाहेर पाहायची गरज काय? हापूसचा आटवलेला रस घाला. आंब्याचा रंग कॅरोटीन गटातला, उष्णतेला बराच खंबीर असतो. हळदीतले कर्क्युमिनही उष्णता सोसते, पण ते पाण्यात विरघळत नाही, तुपा-तेलात विरघळते, आणि उन्हात फिकटते. आजींनी ते तुपात कालवायला सांगितले ते शास्त्राला धरूनच आहे.

उत्तर : रातांबेवाला, कुडाळ

वरचे उत्तर वाचून समाधान वाटले. मी बागायतदार आहे आणि कोकमाचा छोटा कारखाना चालवतो, म्हणून शेगडीच्या आधीचे थोडे सांगतो. ताई, रंगाचा निम्मा निकाल झाडाखालीच लागतो.

फळ पूर्ण गडद लाल, जवळजवळ काळपट झाल्याशिवाय सरबतासाठी घेऊ नये. मेच्या शेवटी आभाळ भरून येऊ लागले की आपण घाई करतो आणि अर्धवट पिवळसर फळेही टोपलीत पडतात. अशा फळाच्या सालीत आंबटपणा असतो, पण रंग तयार झालेला नसतो. ती फळे वेगळी ठेवून आमसुलांकडे वळवावीत, कारण आमसुलांना रसाचे पुट देताना रंग बाहेरूनही चढतो.

फळ धुऊन, पूर्ण कोरडे करून फोडावे. सरबतासाठी मी आगळ वापरत नाही, ‘अमृत कोकम’ करतो. साली आणि त्यांच्या दुप्पट वजनाची साखर यांचे थर बरणीत रचतो आणि सात-आठ दिवस रोज स्वच्छ लाकडी डावाने हलवतो. साखरेने रस आपोआप सुटतो, अग्नीचा संबंधच येत नाही. शेवटी गाळून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतो.

आता एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो, कारण ती आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पद्धतीविरुद्ध जाते. आमच्याकडे ही बरणी फडके बांधून उन्हात ठेवत असत. साखर लवकर विरघळते हे खरे, पण उन्हाने रंग जातो. मी चार वर्षांपूर्वी एकाच झाडाच्या फळांच्या दोन बरण्या भरल्या, एक पडवीत उन्हाला आणि एक माजघराच्या अंधारात ठेवली. आठव्या दिवशी पेल्यात ओतून शेजारी ठेवल्या, तर उन्हातल्या सरबतात लाल रंगाच्या आत पिवळट झाक स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून बरणी माजघरातच असते. तिथे साखर विरघळायला दोन दिवस जास्त लागतात, ते मी लागू देतो.

भांड्याविषयी आपली जुनी माणसे बरोबर होती. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवले तर कळकते, हे प्रत्येक घरात माहीत होते. ॲल्युमिनियम आणि लोखंड हेही आगळाला तितकेच वर्ज्य समजावे. धातूचा अंश उतरतो आणि रंग जांभळट, मळकट होतो. स्टेनलेस स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी, एवढीच तीन भांडी मी वापरतो.

बाटली काठोकाठ भरा. तुम्ही चार बोटे जागा सोडता, ती सगळी हवाच आहे. शक्य असेल तर तपकिरी काचेची बाटली घ्या, नाहीतर बाटलीला कागदी वेष्टन गुंडाळा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या मालाला एवढे नाव असताना त्यात बाहेरचा लाल रंग ओतण्याची पाळी आपल्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

उत्तर : चिपळूणकर

दुकानदाराने सुचवलेल्या ‘चिमूटभर रंगा’विषयी मला लिहायचे आहे. ताई, कायद्याने आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. सरबतांना लाल करण्यासाठी साधारणपणे कार्मोइसिन किंवा पोन्सो 4 आर वापरतात, आणि त्यांचे प्रमाण दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजायचे असते. चिमटीने ते मोजता येत नाही. शिवाय रंग घातला की तो लेबलवर लिहावाच लागतो. युरोपात 2007 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा खाद्यरंग आणि मुलांचे वर्तन यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर, जुलै 2010 पासून या दोन्ही रंगांसह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वर्तनाविषयीची सूचना छापणे बंधनकारक झाले. आपल्याकडे कापूस मिठाईत रोडामिन बी हा कापडाचा रंग सापडल्यावर 2024 मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकाने कारवाई केली. सुट्या पुडीत नेमके काय आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दानेही सगळे मोकळे होत नाही, हे लक्षात ठेवावे. आपल्या अन्नपदार्थांविषयीच्या 2011 च्या नियमांत नैसर्गिक रंगांचीही यादी आहे. तिच्यात कॅरोटीन, हरितद्रव्य, कॅरामल, शेंदरी, केशर, हळद अशी नावे आहेत. घरी खाण्यासाठी कोणत्याही खाण्यायोग्य फुलाचा रंग वापरा, पण विकायच्या मालात यादीबाहेरचे काही रंग म्हणून घालण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्यावे. बीट किंवा आंबा घातला असेल, तर घटकांत तो नावाने लिहावा. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

उत्तर : मालवणची लेक

ताई, निळ्या मोदकांची मागणी आली तर गोकर्ण वापरून पाहा, असे सुचवणार होते, पण वरचे उत्तर वाचून आता ‘घरापुरते’ हा शब्द जोडते. ताज्या निळ्या पाकळ्यांची हिरवी देठे काढून त्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवायच्या आणि त्याच पाण्याने उकड काढायची. इतर अँथोसायनिन आंबटाशिवाय फिके पडते, पण गोकर्णीचा निळा रंग साध्या पाण्यातही चांगला टिकतो. त्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकले, की माझी मुले टाळ्या वाजवतात, कारण निळे पाणी डोळ्यांदेखत जांभळे होते. उकडीत मात्र लिंबू चुकूनही पडू देऊ नका.

कोकमाचा रंग वडीत घालावा असे कोणाच्या मनात येईल, म्हणून अनुभव सांगते. मी आगळ घालून दुधाची वडी करायला गेले होते. दूध फाटले आणि रंग करडा झाला. सोलकढी आपण उकळत नाही, कारण ती फुटते, हे माहीत असूनही मी ती चूक केली.

प्रश्नकर्ती : वेंगुर्लेवाली (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी लगेच प्रयोग केले आणि काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य समजते.

रातांब्यांचा हंगाम संपत आला होता, तरी शेवटच्या गडद फळांतून चार किलो साली मिळाल्या. कुडाळच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे दुप्पट साखर घालून चिनी मातीच्या बरणीत, देवघरामागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या. नवव्या दिवशी गाळले. त्याच दिवशी जुन्या पद्धतीने, पण स्टीलच्या पातेल्यात आणि लिंबाशिवाय, थोडे सरबत उकळूनही केले. दोन्हींच्या दोन-दोन बाटल्या काठोकाठ भरल्या. प्रत्येकातली एक फडताळात ठेवली आणि एक स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत.

काल चारही बाटल्यांतले एकेक चमचा सरबत पांढऱ्या बशांत ओतले. खिडकीतले उकळलेले सरबत विटकरी झाले आहे. खिडकीतलेच न उकळलेले सरबत लाल आहे, पण कडेला पसरते तिथे पिवळट दिसते. फडताळातले उकळलेले त्यापेक्षा बरे आहे. आणि फडताळातले न उकळलेले सरबत बशीच्या कडेपर्यंत, जिथे थर अगदी पातळ होतो तिथेही, गुलाबी-लाल आहे. शेजारच्या काकूंना कोणते काय ते न सांगता बशा दाखवल्या, तर त्यांनी बोट याच बशीवर ठेवले.

बिटाची पूड तुपात कालवून शेवटी घातलेली वडी सहाव्या दिवशीही गुलाबी होती. पहिल्या घाण्यात पूड जास्त पडली आणि मातीचा वास आला. दुसऱ्या वेळी एका नारळाच्या मिश्रणाला सपाट चहाचा चमचा घातला आणि किंचित वेलची वाढवली, तेव्हा जमले. नानकटाईला ठिपके नाहीत. आजी, शेंदरीचे बी आमच्याकडे कोणाच्या अंगणात आहे का, याचा शोध चालू आहे. हिरवी वडी मी सोडून दिली आहे, कारण ती दोन दिवसांत खपेल याची मला खात्री नाही.

तपकिरी बाटल्या महाग पडत असल्यामुळे सध्या पांढऱ्याच बाटल्यांना खाकी कागद गुंडाळत आहे. वर छापले आहे, ‘रंग घातलेला नाही. उन्हात ठेवू नये.’ ज्या दुकानदाराने माल परत केला होता, त्याच्याकडे मी गेल्या आठवड्यात दोन बाटल्या घेऊन गेले. एक त्यांच्या दर्शनी फळीवर ठेवायला सांगितली आणि एक आतल्या कपाटात. महिनाभराने दोन्ही मी स्वतः त्यांच्यासमोर उघडणार आहे. त्यांनी ते मान्य केले आहे.